कॉस्मिओ : सगळे एकाच डब्यात

हल्ली नवा मोबाईल घेताना ‘यावर गाणी लागतात का, सिनेमा दिसतो का’ असे कोणी विचारत नाही. ते गृहीतच असते. वीस-बावीस वर्षांपूर्वी तसे नव्हते. दिवाणखान्यात टीव्ही, त्याच्या खालच्या फळीवर डीव्हीडी प्लेअर, कोपऱ्यात टेपरेकॉर्डर आणि आतल्या खोलीत प्लास्टिकचे आवरण घातलेला संगणक अशी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. या साऱ्या वस्तू एकाच डब्यात भरून दाखवायच्या, असा चंग तेव्हा काही कंपन्यांनी बांधला. त्यांत जपानची तोशिबा पुढे होती. २००४ साली तिने ‘कॉस्मिओ’ नावाची लॅपटॉपची मालिका काढली. दहा-एक वर्षांत ते नाव बाजारातून गेले आणि पुढच्या काही वर्षांत कंपनीचा लॅपटॉपचा धंदाही दुसऱ्याच्या हाती गेला.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. बाजारात दोन प्रमाणांची लढाई कशी होते, हा भाग आला की मी कॉस्मिओचे उदाहरण घेतो. मुले म्हणतात, ‘सर, नावच ऐकलं नाही.’ त्यांचा दोष नाही. हरलेल्यांची नावे बाजार फार दिवस लक्षात ठेवत नाही. पण या लॅपटॉपच्या पोटात एका मोठ्या कंपनीचा उत्कर्ष, हट्ट आणि उतरती कळा असे सगळेच सापडते, म्हणून मला तो सोडवत नाही.

आधी नावाविषयी. ‘कॉसमॉस’ म्हणजे विश्व आणि इटालियन भाषेतले ‘मिओ’ म्हणजे माझे. माझे स्वतःचे विश्व, असा त्याचा अर्थ कंपनी सांगत असे. पहिल्या मॉडेलला १५ इंची पडदा होता, इंटेलचा पेंटियम एम प्रोसेसर होता आणि मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज एक्सपी मीडिया सेंटर’ ही प्रणाली होती. टीव्ही पाहायला ट्यूनर आतच बसवलेला. चालू कार्यक्रम थांबवता येई, हार्ड डिस्कवर नोंदवून नंतर पाहता येई. ध्वनिवर्धक हार्मन कार्डन या नामांकित कंपनीचे. आणि सगळ्यात गमतीचा भाग म्हणजे टीव्ही किंवा डीव्हीडी पाहण्यासाठी विंडोज सुरू करावी लागत नसे. लिनक्सवर आधारलेली एक छोटी प्रणाली वेगळी ठेवली होती. बटण दाबले की थोड्याच वेळात चित्र. त्या काळी संगणक सुरू करून चहा टाकायला जायची पद्धत होती, हे ज्यांना आठवते त्यांना या सोयीचे मोल कळेल.

आपल्याकडेही तेव्हा संगणकाला टीव्ही ट्यूनर कार्ड लावून घेण्याची हौस होती. केबलची वायर संगणकाच्या पाठीत खोचायची आणि मॉनिटरवर मालिका पाहायची. घरात एकच टीव्ही, एकीकडे मराठी मालिका तर दुसरीकडे कन्नड, त्यात मुलांना क्रिकेट. अशा घरांत हा दुसरा पडदा किती कामाचा होता हे मी नव्याने सांगायला नको. ‘यल्ला ओंदराग’, सगळे एकातच, ही कल्पना आपल्याकडे कोणालाही पटली असती. किंमत मात्र पटणारी नव्हती. या मालिकेतली मोठी मॉडेले पुढे अमेरिकेत तीन हजार डॉलरच्या घरात विकली जात.

आता हे स्वप्न तोशिबालाच का पडावे? त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१९८५ साली तोशिबाने ‘टी ११००’ नावाचा लॅपटॉप आधी युरोपात विकायला काढला. आयबीएमच्या पीसीवर चालणारे कार्यक्रम त्यावर चालत, म्हणून तो महत्त्वाचा. हार्ड डिस्क नव्हती, साडेतीन इंची फ्लॉपी होती आणि वजन ४.१ किलो. पहिल्या वर्षात १० हजार नग विकण्याचे लक्ष्य होते. ते विकण्याची जबाबदारी घेणारा माणूस म्हणजे आत्सुतोशी निशिदा. या गृहस्थांचा प्रवास मोठा विलक्षण. टोकियो विद्यापीठात राज्यशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण, ओढा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाकडे. पत्नी इराणी. १९७३ च्या सुमारास ते इराणात तोशिबाच्या तिथल्या कंपनीत नोकरीला लागले आणि तिथून मूळ कंपनीत आले. जपानी कंपनीत विद्यापीठातून थेट भरती होऊन निवृत्तीपर्यंत राहायचे, असा रिवाज असताना हा मनुष्य आडवाटेने आत शिरला आणि लॅपटॉप विकत विकत २००५ साली थेट अध्यक्षपदावर बसला. नव्वदच्या दशकात बरीच वर्षे तोशिबा जगात लॅपटॉपच्या विक्रीत पहिली होती, त्यात त्यांचा वाटा मोठा.

१९८९ साली त्याच कंपनीने ‘डायनाबुक’ या नावाने २.७ किलोचा वहीसारखा संगणक काढला, किंमत १ लाख ९८ हजार येन. हे नाव अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांचे. त्यांनी १९७२ मध्ये लहान मुलांना हाताळता येईल अशा वैयक्तिक संगणकाची कल्पना लिहून मांडली होती, तिला त्यांनी डायनाबुक म्हटले होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

दुसरी गोष्ट तबकडीची. आज डीव्हीडी म्हणजे जुन्या सामानातली वस्तू; पण तिच्या जन्मातही तोशिबाच आघाडीवर होती. १९९४-९५ च्या सुमारास सोनी आणि फिलिप्स यांचा एक आराखडा आणि तोशिबा, मात्सुशिता, टाइम वॉर्नर यांचा दुसरा, असे दोन तट पडले. संगणक कंपन्यांनी, विशेषतः आयबीएमने, दोघांना बजावले की एक काय ते ठरवा. शेवटी १९९५ अखेर तडजोड झाली आणि तीत तोशिबाच्या बाजूचा बराच भाग राहिला. १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये डीव्हीडी प्लेअर विक्रीला आले. पुढे जगभर किती डीव्हीडी खपल्या हे सांगायला नको. एकदा असे यश मिळाले की पुढची तबकडीही आपलीच असणार, असे कोणत्याही कंपनीला वाटू लागते.

पुढची तबकडी म्हणजे हाय डेफिनिशनची. डीव्हीडी वाचायला तांबडा लेसर लागतो, त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. नव्या तबकड्यांत निळसर-जांभळा लेसर आला, ४०५ नॅनोमीटरचा. लांबी कमी म्हणजे टोक बारीक, आणि बारीक टोकाने त्याच पाटीवर जास्त अक्षरे मावतात. सोनीच्या गटाने २००२ मध्ये ‘ब्लू-रे’ जाहीर केली. तोशिबाने एनईसीला बरोबर घेऊन ‘एचडी डीव्हीडी’ मांडली. साध्या डीव्हीडीत एका थरात ४.७ जीबी मावते. एचडी डीव्हीडीत १५ आणि ब्लू-रेमध्ये २५. दोन थरांच्या तबकडीत हेच आकडे दुप्पट, ३० आणि ५०.

मग तोशिबा कमी क्षमतेच्या तबकडीसाठी का भांडत होती? कारण साधे आणि व्यवहारी आहे. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत होता तसाच. त्यामुळे डीव्हीडीच्या कारखान्यांत थोडे फेरफार करून ती छापता येत होती. ब्लू-रेचा थर ०.१ मिलिमीटरवर, त्यासाठी नवी यंत्रे हवीत. स्वस्तात काम होत असेल तर महाग कशाला, हा तोशिबाचा युक्तिवाद. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला तो चुकीचा वाटत नाही. २००५ साली दोन्ही बाजूंनी एकत्र यायची बोलणी केली, ती फिसकटली. दहा वर्षांपूर्वी जी तडजोड जमली होती ती या वेळी जमली नाही.

इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. सत्तरच्या दशकात सोनीच्या बीटामॅक्स आणि जेव्हीसीच्या व्हीएचएस या दोन व्हिडिओ कॅसेटांची अशीच लढाई झाली होती. तेव्हा तोशिबा सोनीच्या बाजूने, बीटामॅक्सच्या गटात होती. दोघे मिळून हरले. आपल्याकडे भाड्याने आणलेला व्हीसीआर, मराठी नाटकांच्या आणि डॉ. राजकुमारांच्या सिनेमांच्या कॅसेटी, रात्रभर जागणे, हे सगळे जिंकलेल्या व्हीएचएसच्या कृपेने. बीटा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलीही नसेल.

तर या लढाईत कॉस्मिओला पुढे करण्यात आले. २००६ साली कॉस्मिओचे १७ इंची मॉडेल एचडी डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन आले. पडदा १९२० गुणिले १२०० बिंदूंचा, दोन हार्ड डिस्क, आणि वजन साडेचार किलोच्या आसपास. म्हणजे पाहा, १९८५ चा टी ११०० ४.१ किलोचा होता. एकवीस वर्षांत जगातले सगळे लॅपटॉप हलके होत गेले आणि तोशिबाचा हा मानाचा लॅपटॉप आपल्या पणजोबापेक्षाही जड झाला. मांडीवर घेऊन बसायची वस्तू ती राहिली नव्हती. ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उचलून नेता येणारी टीव्ही-सिस्टिम झाली होती. पण मला त्यात एक कुटुंबवत्सल कल्पनाही दिसते. चार जणांनी एकत्र बसून पाहायचे, असे गृहीत धरून हे यंत्र बनवलेले आहे. मोठे स्पीकर, मोठा पडदा, लांबून वापरायला रिमोट. आजचा मोबाईल एका माणसासाठी बनतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सोनीने प्लेस्टेशन ३ हे खेळाचे यंत्र काढले आणि त्यात ब्लू-रे ड्राइव्ह घातला. लढाईचा निकाल लावण्यात या एका यंत्राचा वाटा फार मोठा. मुलांनी खेळासाठी म्हणून घेतलेल्या डब्यातून ब्लू-रे लाखो घरांत शिरली, वेगळा प्लेअर कोणी घ्यावाच लागला नाही. यातली मेख अशी की प्लेस्टेशन ३ चा ‘सेल’ नावाचा प्रोसेसर सोनी, आयबीएम आणि तोशिबा या तिघांनी मिळून तयार केलेला होता. शत्रूच्या तोफेला तोशिबानेच हातभार लावला होता, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

एचडी डीव्हीडीच्या बाजूने मायक्रोसॉफ्ट होती, ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट ही चित्रपटसंस्थाही तिच्याकडे आली. पारडे खालीवर होत राहिले. पण ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केले की यापुढे आपण फक्त ब्लू-रेवर चित्रपट काढणार. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट या मोठ्या विक्रेत्यांनी तीच वाट धरली. १९ फेब्रुवारी २००८ रोजी निशिदांनी टोकियोत एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचे सांगितले. पहिला प्लेअर विक्रीला येऊन दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

पण त्याच दिवशी तोशिबाने आणखी एक घोषणा केली, आणि माझ्या मते खरी बातमी तीच होती. फ्लॅश मेमरीचे नवे कारखाने जपानात उभारायचे, सुमारे १ लाख ७० हजार कोटी येन खर्चून. फ्लॅश मेमरी म्हणजे आज आपल्या मोबाईलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये आणि नव्या लॅपटॉपमध्ये असते ती. तिचा शोध तोशिबातच लागला. फुजिओ मासुओका या अभियंत्याने १९८० च्या दशकात ती घडवली. माहिती क्षणात पुसली जाते, कॅमेऱ्याच्या झगमगाटासारखी, म्हणून एका सहकाऱ्याने तिला ‘फ्लॅश’ नाव सुचवले. शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून मासुओकांनी २००४ साली कंपनीवर दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. एकीकडे ज्या तबकडीवर कंपनीने प्रतिष्ठा पणाला लावली ती बुडाली. दुसरीकडे ज्या शोधाने तबकड्यांची गरजच संपवली तो तिच्याच घरात पडून होता.

कॉस्मिओचे काय झाले? ती लगेच संपली नाही. २००८ च्या मॉडेलांत एचडी डीव्हीडी काढून टाकली आणि ‘स्पर्सइंजिन’ नावाची वेगळी चिप घातली. ती त्याच सेल प्रोसेसरपासून बनवलेली. साध्या डीव्हीडीचे चित्र तिच्या मदतीने वाढवून हाय डेफिनिशनसारखे दाखवता येई. कॅमेऱ्यासमोर तळहात धरला की सिनेमा थांबे, अशी हस्तमुद्रांची सोयही होती. २०११ मध्ये चष्म्याशिवाय त्रिमिती चित्र दिसणारे मॉडेल आले. पाहणाऱ्याचे डोळे कुठे आहेत ते कॅमेरा शोधायचा आणि त्याप्रमाणे चित्र वळवायचा. म्हणजे सोबत बसलेल्याला ते नीट दिसणे कठीण! घरच्या चौघांसाठी सुरू झालेली मालिका एका माणसाच्या दोन डोळ्यांवर येऊन ठेपली. शेवटची मॉडेले काळी-तांबडी, व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुणांसाठी होती. २०१४ च्या सुमारास नाव विरून गेले.

तोवर जगही बदलले होते. यूट्यूब २००५ साली सुरू झाले, २००७ मध्ये नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली. अमेरिकेने २००९ मध्ये आणि जपानने २०११ मध्ये (भूकंपग्रस्त तीन प्रांत वगळून) जुनी ॲनालॉग टीव्ही प्रक्षेपणे बंद केली. सुरुवातीच्या कॉस्मिओंमधले ट्यूनर त्या दिवशी मुके झाले. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटर काढूनच टाकले.

आणि मग आला तो हिशेबाचा भाग. २०१५ साली तोशिबाच्या जमाखर्चात गडबड असल्याचे उघड झाले. स्वतंत्र समितीने चौकशी करून सांगितले की सुमारे सात वर्षांत नफा जवळजवळ १५ हजार कोटी येनांनी फुगवून दाखवला होता. यात लॅपटॉप विभाग ठळकपणे होता. वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना हे मी फळ्यावर काढून दाखवतो. लॅपटॉप जुळवण्याचे काम बाहेरच्या कंत्राटी कारखान्यांकडे होते. तोशिबा सुटे भाग खरेदी करून त्या कारखान्यांना कितीतरी चढ्या भावाने देई आणि तयार लॅपटॉप त्याच चढ्या भावासकट परत विकत घेई. भाग देताना जो फरक पडे तो खरा नफा नव्हे, कारण तो पैसा परत द्यायचाच आहे. पण तिमाही संपत आली की गरजेपेक्षा जास्त भाग कारखान्यांत लोटायचे आणि फरक त्या तिमाहीच्या नफ्यात दाखवायचा, असे चालले होते. काही तिमाहींच्या अखेरच्या महिन्यात तर विक्रीपेक्षा नफाच मोठा दिसत होता! दुकानदाराने गल्ल्यापेक्षा नफा जास्त सांगितला तर आपण काय म्हणू? वरून विभागांना जी अशक्य उद्दिष्टे दिली जात त्यांना कंपनीत ‘चॅलेंज’ असा शब्द होता, हेही समितीच्या अहवालात आले.

जुलै २०१५ मध्ये अध्यक्ष हिसाओ तानाका यांच्यासह तीन आजी-माजी अध्यक्ष पदांवरून पायउतार झाले. त्यांत सल्लागार म्हणून उरलेले निशिदाही होते. डिसेंबर २०१७ मध्ये ते वारले. त्यांच्या कारकिर्दीकडे मला निव्वळ खलनायकाची म्हणून पाहवत नाही. एचडी डीव्हीडी तोट्यात गेल्यावर फार काळ ताटकळत न बसता लढाई सोडून देण्याचा निर्णय त्यांनी घेतला, त्याचे तेव्हा कौतुकच झाले होते. पण लॅपटॉपच्या विभागात तोटा कबूल करण्याची तीच हिंमत कंपनीला पुढे दाखवता आली नाही.

त्यानंतरची घसरण भराभर झाली. २००६ साली विकत घेतलेली अमेरिकेतली वेस्टिंगहाउस ही अणुभट्ट्यांची कंपनी मार्च २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. ते खड्डे बुजवायला २०१८ साली फ्लॅश मेमरीचा धंदा सुमारे २ लाख कोटी येनांना विकावा लागला. तो आता ‘किओक्सिया’ नावाने चालतो. त्याच वर्षी लॅपटॉपच्या धंद्याचे ८०.१ टक्के भाग शार्पने घेतले. किंमत सुमारे ४०० कोटी येन. एका वर्षात विकलेल्या या दोन धंद्यांच्या किमतींत पाचशेपट अंतर. २०२० मध्ये उरलेला हिस्साही शार्पकडे गेला. कंपनीला आता ‘डायनाबुक’ म्हणतात. ॲलन केंचे ते जुने नाव तेवढे टिकले. स्वतः तोशिबा २० डिसेंबर २०२३ रोजी जपानच्या शेअर बाजारातून बाहेर पडली.

हे सगळे दूर जपानातले असले तरी त्याचे टोक आपल्या कपाटात आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न १९९६ सालचे. त्याचे चित्रण व्हीएचएस कॅसेटवर. माझे लग्न झाले तेव्हा छायाचित्रकाराने तीन डीव्हीडी दिल्या. धारवाडचे माझे सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, अधूनमधून विचारतात, ‘ते लग्नाचे लावा की एकदा.’ त्यात त्यांची आई आहे, मुंडावळ्या सरळ करताना आणि कन्नडमध्ये काहीतरी सांगून आमच्या आत्याला हसवताना. दोघीही आता नाहीत. घरातला डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला आणि नव्या लॅपटॉपला तबकडीची खाच नाही.

उपाय कठीण नाही, फक्त आता करायला हवा. यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून विकत मिळतो आणि तो बहुतेक लॅपटॉपना चालतो. घरी लिहिलेल्या तबकडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता, ओल यांनी ते द्रव्य खराब होते, म्हणून तबकडी चांगली दिसते एवढ्यावर विसंबू नये. तिच्यातील फायली हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी, शक्यतो वेगळ्या घरात ठेवावी. कोणाकडे जुन्या मीडिया सेंटरच्या संगणकावर टीव्हीचे कार्यक्रम नोंदवलेले असतील तर त्या फायली जुन्या पद्धतीच्या असतात. तो संगणक चालू आहे तोवरच त्या साध्या व्हिडिओत बदलून घ्याव्यात. व्हीएचएससाठी मात्र चालू स्थितीतला व्हीसीआर लागतो आणि तो शोधायला गावातल्या जुन्या छायाचित्रकारांकडे चौकशी करावी. आमच्या तिन्ही डीव्हीडी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत उतरवून झाल्या. तिसरी मध्येच दोन ठिकाणी अडकली, बाकी सारे आले. आत्या हसते तो भाग दुसरीत होता.